बटणांची भिंत

चिआतुरात नदीचं पाणी काळं,
खाणीतलं मँगनीज धुऊन आलेलं.
सातवीची पोरं माझ्यापुढे बसतात
आणि अपूर्णांक म्हटलं की खिडकीबाहेर बघतात,
जिथून रोपवेचे डबे कड्यावर चढतात
आणि त्यातून त्यांचे बाप.

दहापैकी तीन. दहापैकी दोन.
लाल पेन संपलं की नवं आणायचं,
एवढाच काय तो माझा उपक्रम.

मग हिवाळ्यात कुताईसीहून भाचा आला.
रात्रभर फोनवर कसलासा खेळ:
दरीत पडला, मेला, हसला, परत सुरू.
मोजलं मी. एकोणचाळीस वेळा.
एकदाही कुणी त्याला म्हणालं नाही,
"उद्या पालकांना घेऊन ये."

सकाळी आईच्या शिवणाच्या डब्यातून
तेवीस बटणं काढली. चोविसावं कमी पडलं,
ते माझ्या कोटाचं.
वर्गाच्या भिंतीवर खाली नदी काढली, वर कडा,
मधे चोवीस दोरे ताणले.
गणित सुटलं, बटण वीतभर वर.
चुकलं, तर तिथंच. खाली येणार नाही.
चुका कितीही करा,
चुकायला पैसे पडत नाहीत.

काय सांगू तो आठवडा!
घंटा झाली तरी उठेनात.
लिझी एका हातात चीजचा पाव धरून
दुसऱ्या हातानं छेद समान करत होती.
तोर्निकेनं एका दमात चाळीस सोपी गणितं सोडवली,
माझ्या नियमाला आरपार भोक पाडून
कड्यावर जाऊन बसला.
मी मनातल्या मनात त्याला दहापैकी दहा दिले
आणि नियम बदलला.

मालखाझचं बटण नदीतच.
तपकिरी, चार भोकांचं, माझ्या कोटाचं.
पूर्वी त्याचे दोन गुण वहीत मिटलेले असायचे,
आता भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर,
रोज, हजेरीच्याही आधी.
हे मी केलं होतं.
कात्रीनं, दोऱ्यानं, मायेनं.

एका सोमवारी त्याचा दोरा रिकामा.
"बटण कुठंय?"
"पडलं असेल."
हात खिशात. मूठ वळलेली.

मी काही बोलले नाही. तोच बोलला, भिंतीकडे बघत:
"बाई, तुमचं चुकलंय.
एकटा डबा वर जातच नाही.
माझे आजोबा ब्रेकवर होते, जुन्या रोपवेला.
एका तारेला दोन डबे.
वरचा खाली येतो,
त्याच्या वजनानं खालचा वर जातो.
तुमचे सगळे नुसते वरच चाललेत.
असं यंत्र असतं होय?"

सहा महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता.

मधल्या सुट्टीत आम्ही भिंत उसवली.
दोन-दोन दोरे जोडून खिळ्यावरून फिरवले.
आता वर पोचलेल्यानं खाली यायचं
आणि खालच्याला स्वतःच्या तोंडून उत्तर सापडेपर्यंत
शेजारी बसायचं.
लिझी कुरकुरली. तिला वरून नदी आवडायची.
मग उतरली, पाव मोडला,
अर्ध्याचा अर्धा मालखाझपुढे ठेवला.
"हा किती?"
"कमी," तो म्हणाला.

सुरुवात म्हणून वाईट नाही.

जूनमध्ये परीक्षा. भिंत कोरी करावी लागते.
पेपर लिहिताना पोरं मधूनच तिकडे बघत होती,
घड्याळ काढून नेलेल्या जागी
वेळ बघावी तशी.
मालखाझला पाच. काठावर.
पेपरच्या समासात दोन डबे, एक तार,
आणि ते खोडायचा अर्धवट प्रयत्न.

बटण त्यानं दिलं नाही, मी मागितलं नाही.
कोटाला टाचणी लावते.
वारं असलं की तेवढ्या जागेतून
गार लागतं.